उणे तीस अंशांत विजेची गाडी!

बॅटरी थंडीत गारठते, हे टॉर्च वापरणाऱ्या कुठल्याही गिर्यारोहकाला ठाऊक असतं. असं असूनही नव्या गाड्यांमध्ये विजेच्या मोटारींचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते उत्तर ध्रुवाच्या शेजारी वसलेल्या नॉर्वेत! ओस्लोपासून नॉर्थ केपपर्यंतच्या बर्फाळ रस्त्यांवर या गाड्यांचं नेमकं काय होतं?

डिसेंबरात ओस्लोमध्ये दुपारी सव्वातीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. रस्त्याकडेला गुडघाभर बर्फ साचलेला असतो. बर्फ सारणारे ट्रक घरघरत जातात, त्यांच्या मागून मोटारींची रांग सरकते. पण या रांगेत कान देऊन ऐकलं तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. इंजिनांचा आवाजच नाही! सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफही नाही. ऐकू येते ती फक्त बर्फावरून चालणाऱ्या टायरांची करकर. नंबरप्लेटकडे पाहावं तर ‘ईएल’ आणि ‘ईके’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या प्लेट्सची गर्दी. ही अक्षरं विजेच्या गाडीची.

नॉर्वेची लोकसंख्या जेमतेम ५५ लाख, म्हणजे पुण्यासारख्या एका मोठ्या शहराइतकी. पण २०२० मध्ये या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक संपूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण ८८.९ टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये त्यानं ९५ टक्क्यांची वेसही ओलांडली. सप्टेंबर २०२४ मध्ये तर नवलच घडलं. नॉर्वेच्या रस्त्यांवरच्या एकूण मोटारींत विजेच्या गाड्यांची संख्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त भरली.

गंमत म्हणजे हा देश श्रीमंत झाला तो तेलाच्या जोरावर. उत्तर समुद्रातलं तेल आणि वायू जगाला विकायचं आणि आपल्या घरच्या गाड्या मात्र विजेवर चालवायच्या, असा हा व्यवहार. वीज तरी कुठली? डोंगरउतारावरून कोसळणाऱ्या पाण्याची. देशातली सुमारे ९० टक्के वीज जलविद्युत केंद्रांतून येते.

हे सगळं छानच. पण प्रश्न उरतोच. ज्या देशाच्या उत्तर टोकाला कारासोक इथं १ जानेवारी १८८६ रोजी उणे ५१.४ अंश सेल्सियस अशी नोंद झाली, तिथं बॅटरीच्या भरवशावर मुलाबाळांना घेऊन घराबाहेर पडायचं कसं?

टोल न भरणारे गायक

या कहाणीची सुरुवात झाली एका वात्रटपणातून. १९८९ साली ‘आ-हा’ या जगप्रसिद्ध नॉर्वेजियन बँडमधले मॉर्टन हार्केट आणि मॅग्ने फुरुहोल्मेन यांनी ‘बेलोना’ या पर्यावरणवादी संघटनेच्या फ्रेडरिक हाउगे यांच्या साथीनं एक गाडी नॉर्वेत आणली. होती साधी फियाट पांडा, पण इंजिन काढून तिच्यात बॅटऱ्या बसवलेल्या. ही मंडळी गाडी घेऊन टोलनाक्यावर जायची आणि टोल न भरताच पुढे निघायची! धूर न सोडणाऱ्या गाडीनं टोल का भरावा, असा त्यांचा सवाल. दंडाच्या पावत्या साचत गेल्या, अखेर गाडी जप्त होऊन तिचा लिलाव झाला. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं आणि सरकारला विचार करावा लागला.

१९९० मध्ये विजेच्या गाड्यांवरचा आयातकर उठला. १९९७ मध्ये टोल माफ झाला. २००१ मध्ये मूल्यवर्धित करातून सूट मिळाली. पुढे बससाठी राखीव असलेल्या मार्गिकेतून जाण्याची मुभाही मिळाली. पेट्रोलच्या गाडीवर मात्र जबर कर कायम राहिला. हिशेब पक्का असलेल्या गृहस्थाला आणखी काय हवं? आता गाड्या एवढ्या वाढल्यात की सवलती हळूहळू कमी होत आहेत. २०२३ मध्ये पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर पुन्हा लागू झाला.

त्या पहिल्या काळातल्या गाड्या म्हणजे चाकांवरची खेळणीच. शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या, दोन माणसांची जागा आणि थंडीत अर्ध्यावर येणारी धाव. त्यांत आपल्या बंगळुरूत तयार झालेली चिमुकली ‘रेवा’ही होती. २००१ मध्ये भारतात बाजारात आलेली ही गाडी पुढे लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावानं गाजली आणि नॉर्वेच्या बर्फातही धावली. कडाक्याच्या थंडीत तिच्यात बसायचं म्हणजे अंगावर स्वेटर, जाड कोट आणि कानटोपी हवीच, कारण हीटर जोरात लावावा तर बॅटरी संपणार!

बॅटरीला थंडी वाजते म्हणजे काय?

आजच्या गाड्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्यात दोन टोकांच्या मध्ये एक द्रव असतो आणि त्यातून लिथियमचे भारित कण ये-जा करतात. थंडीत हा द्रव घट्ट होतो. थिजलेल्या खोबरेल तेलातून काडी फिरवून पाहा, तसंच काहीसं. कणांची चाल मंदावते, बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो आणि साठवलेली वीज हवी तितकी बाहेर पडत नाही. वीज नाहीशी होत नाही, अडकून बसते. बॅटरी ऊबदार झाली की त्यातली बरीचशी परत हाती येते.

पण खरा खादाड वेगळाच आहे. तो म्हणजे हीटर! पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपानं वाया जाते. हिवाळ्यात हीच वाया जाणारी उष्णता फुकटात गाडी उबदार ठेवते. विजेच्या मोटरमध्ये एवढी उष्णता वायाच जात नाही. तिचा गुण तोच थंडीत अवगुण ठरतो. केबिन गरम करायची तर बॅटरीतलीच वीज जाळायची.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१९ मध्ये पाच गाड्यांवर केलेल्या चाचणीत हा फरक स्पष्ट दिसला. सुमारे उणे ७ अंशांत हीटर बंद ठेवला तर गाडीची धाव सरासरी १२ टक्क्यांनी घटली. हीटर लावला तर घट ४१ टक्के! म्हणजे चारशे किलोमीटर जाणारी गाडी दोनशे पस्तीस-चाळीसवरच थांबणार.

दुसरी अडचण चार्जिंगची. गारठलेली बॅटरी वीज देताना जशी कुरकुरते, तशी घेतानाही. जबरदस्तीनं वेगात वीज ढकलली तर आत लिथियमचा थर जमून बॅटरीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गाडीतला संगणकच चार्जिंगचा वेग कमी करतो. अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीनं २०१८ मध्ये विजेच्या टॅक्सींच्या नोंदी तपासल्या. २५ अंशांत जेवढी वीज भरते, त्यापेक्षा शून्य अंशांत तेवढ्याच वेळात ३६ टक्के कमी भरते, असं दिसून आलं. धाव कमी आणि चार्जिंगला वेळ जास्त, अशी ही दुहेरी मार आहे.

आणि बारीकसारीक दुखणी तर किती! चार्जिंगचं झाकण बर्फानं चिकटतं. दाराच्या पत्र्यात लपणारे आधुनिक हँडल उघडायलाच तयार नसतात. चार्जिंगची जाड केबल काठीसारखी ताठ होते. चाकांच्या फिरण्यातून वीज परत मिळवणारी यंत्रणा थंड बॅटरीत नीट काम करत नाही, त्यामुळे उतारावर गाडी नेहमीपेक्षा वेगळी वागते. एरवी याच यंत्रणेमुळे ब्रेक फारसे वापरले जात नाहीत, मग रस्त्यावरच्या मिठानं त्यांच्या तबकड्या गंजतात. यावर कडी म्हणजे मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण दिवे, कुलूप आणि संगणक चालवणारी छोटी १२ व्होल्टची बॅटरी थंडीनं मेलेली असते!

डोव्रेच्या पल्याड

ओस्लोहून उत्तरेकडे जाणारा मुख्य रस्ता म्हणजे ई-६. देशाच्या कण्यासारखा हा रस्ता दक्षिणेकडून थेट रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जातो. ओस्लोहून सुमारे १८० किलोमीटरवर लिलेहामर लागतं. १९९४ ची हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा इथं झाली, तेव्हा नॉर्वेतच बनवलेल्या छोट्या विजेच्या गाड्यांची पहिली चाचणीही इथंच झाली होती. आज या रस्त्यावर ठिकठिकाणी चार्जिंगचे खांब रांगेनं उभे दिसतात. पूर्वी ट्रकवाले जिथं कॉफी आणि सॉसेज खायला थांबायचे, तिथंच आता कुटुंबं गाडीला प्लग लावून वॉफल खात बसतात. गाडीचं आणि माणसांचं पोट एकाच वेळी भरतं.

पुढे चढ लागतो तो डोव्रे पर्वतराजीचा. १८१४ मध्ये एड्सवोल इथं राज्यघटना लिहिणाऱ्या पुढाऱ्यांनी डोव्रे कोसळेपर्यंत एकजुटीनं राहण्याची शपथ घेतली होती. आपल्याकडे सह्याद्रीची आण घ्यावी तसं. हिएर्किन जवळ रस्ता १,०२६ मीटर उंचीवर पोहोचतो. वाऱ्यानं उडणाऱ्या बर्फाच्या पडद्याआड लांब केसांचे कस्तुरी बैल चरताना दिसले तर नशीब.

विजेच्या गाडीची खरी कसोटी असल्या घाटावर लागते. चढाला वीज जास्त, थंडीला जास्त, हीटरला जास्त, त्यात समोरून वारा. गाडीच्या पडद्यावर ‘१५० किलोमीटर शिल्लक’ असा आकडा दिसतो आणि शंभर किलोमीटरवरच्या गावी पोहोचता पोहोचता तो दहावर येतो. चालक एकदा आकड्याकडे बघतो, एकदा रस्त्याकडे. मागे बसलेली मुलं विचारतात, ‘हीटर का कमी केला?’

म्हणूनच नॉर्वेच्या मोटारसंघटनेनं, म्हणजे ‘एनएएफ’नं, एक उपक्रम सुरू केला. दर हिवाळ्यात बाजारातल्या नव्या गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यानं बॅटरी संपून बंद पडेपर्यंत पळवायच्या! कंपनीच्या पत्रकातला आकडा आणि बर्फातला आकडा शेजारी शेजारी छापायचे. २०२० मध्ये अशा २० गाड्या पळवल्या, तेव्हा त्या जाहीर केलेल्या पल्ल्यापेक्षा सरासरी १८.५ टक्के कमी धावल्या. २०२४ च्या चाचणीत काहींची घट दहा टक्क्यांच्याही आत राहिली, तर काहींची तीस टक्क्यांच्या आसपास गेली. ज्यांना हिवाळ्यात गाडी वापरायची आहे, ते कुटुंब शोरूमच्या आकड्याऐवजी हे आकडे पाहून गाडी निवडतं.

ईस्टरच्या सुट्टीत सगळा नॉर्वे डोंगरातल्या लाकडी घरांकडे धावतो, तेव्हा वाटेवरच्या चार्जिंग केंद्रांवर रांगा लागतात. खांब पुरेसे असले तरी सगळे एकाच दुपारी आले तर कोण काय करणार? गणपतीसाठी कोकणात निघालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग गाड्या बंद पडतात की नाही?

पडतात. २०२३ च्या अखेरीला आणि २०२४ च्या सुरुवातीला नॉर्वेवर थंडीची जबर लाट आली. देशाच्या उत्तरेला पारा उणे ४० च्याही खाली गेला, ओस्लोच्या परिसरातही तो उणे ३० च्या आसपास पोहोचला. राजधानीतल्या विजेच्या बसेसची दमछाक झाली. एका चार्जिंगमध्ये ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होईनात, बस अर्ध्या दिवसातच डेपोत परतू लागल्या आणि अनेक फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. बर्फात थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशांनी आपला राग मोकळेपणानं बोलून दाखवला. खासगी मोटार दिवसातून दोन तास धावते, बस दिवसभर. तिची दारंही दर दोन मिनिटांनी उघडतात आणि आतली ऊब रस्त्यावर जाते. त्यामुळे बसला थंडी अधिक भोवते.

पण त्याच लाटेतली दुसरी आकडेवारी सगळ्यांनाच चकित करणारी आहे. रस्त्यात अडकलेल्या वाहनांना मदत करणाऱ्या ‘वायकिंग’ या कंपनीकडे २०२४ च्या पहिल्या नऊ दिवसांत ३४ हजार हाका आल्या. त्यांत विजेच्या गाड्या होत्या १३ टक्के, उरलेल्या ८७ टक्के पेट्रोल-डिझेलच्या. त्या वेळी नॉर्वेच्या एकूण मोटारींत विजेच्या गाड्यांचा वाटा सुमारे चोवीस टक्के होता. म्हणजे वाट्याच्या मानानं त्या कमीच बंद पडल्या!

अर्थात यातही एक मेख आहे आणि ती त्या कंपनीनंच सांगितली. विजेच्या गाड्या बहुतेक नव्या, पेट्रोलच्या बऱ्याच जुन्या. म्हातारपणी दोघींची तब्येत कशी राहते, हे काही वर्षांनीच कळेल. पण एवढं खरं की थंडी कोणालाच सोडत नाही. डिझेल गोठून त्यात मेणाचे कण धरतात, इंजिनातलं तेल काकवीसारखं होतं, जुनी बॅटरी स्टार्टर फिरवू शकत नाही. स्कँडिनेव्हियात कित्येक वर्षांपासून लोक रात्री पेट्रोलच्या गाडीच्याही इंजिनाला विजेचा प्लग लावून ते ऊबदार ठेवत आले आहेत. दाराशी गाडी प्लगला बांधून झोपायची सवय तिथं नवी नाहीच.

याउलट त्याच जानेवारी महिन्यात अमेरिकेतल्या शिकागोमध्ये काय झालं? पारा शून्याखाली वीसच्या आसपास उतरला आणि चार्जिंग केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. तासन्‌तास ताटकळत कित्येकांच्या बॅटऱ्या रांगेतच संपल्या, गाड्या टो करून न्याव्या लागल्या. ही दृश्यं जगभरच्या दूरदर्शन वाहिन्यांवर झळकली. थंडी शिकागोपेक्षा नॉर्वेत कमी नव्हती, गाड्याही त्याच बनावटीच्या होत्या. फरक होता तो व्यवस्थेचा. नॉर्वेत बहुतेक जण घरीच रात्रभर चार्जिंग करतात, सकाळी निघण्याआधी गाडी प्लगवर असतानाच गरम करतात. शिकागोत रांगेत उभ्या असलेल्यांत भाड्याच्या टॅक्सी चालवणारे अनेक होते. घरी प्लग नाही, बॅटरी आधी गरम करायची असते हे सांगायला कोणी नाही, आणि आलेल्या गर्दीपुढे खांब मोजके.

बर्फातला ताफा

उत्तर ध्रुववृत्त ओलांडताना ई-६ साल्तफ्येलेट नावाच्या उजाड पठारावरून जातो. उंची फक्त ६९२ मीटर, आपल्या लोणावळ्याहून थोडीशी जास्त. पण हिवाळ्यात इथं झाड नाही, घर नाही, फक्त वारा. वादळ आलं की रस्त्यावर आडवी फाटकं पडतात, लाल दिवे लुकलुकू लागतात आणि सगळ्या गाड्या थांबतात. काही वेळानं बर्फ सारणारा भला मोठा ट्रक येतो आणि त्याच्या मागून एकामागे एक गाड्या ताफ्यानं निघतात. पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा एवढंच काय ते जग! मध्येच कोणाला थांबता येत नाही की परत फिरता येत नाही.

ताफ्यात शिरण्याआधी नियम सांगितले जातात. टाकी किंवा बॅटरी पुरेशी भरलेली हवी. गरम कपडे आणि फावडं सोबत हवं. ताफा तासभर अडकूनही राहू शकतो.

इथं अनेकांच्या मनात येणारा प्रश्न हाच : अडकलो आणि बॅटरी संपली तर? त्याचं उत्तर साध्या गणितात आहे. उभ्या गाडीत केबिन सुसह्य ठेवायला तासाला साधारण दोन युनिट वीज पुरते. साठ युनिटची बॅटरी निम्मी भरलेली असली तरी पंधरा तास निघतात. आणि एक गोष्ट विजेच्या गाडीच्या बाजूनं ठामपणे सांगावी लागेल. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक जीव गेले. ऊब मिळावी म्हणून इंजिन सुरू ठेवलेल्या काही गाड्यांत घात केला तो थंडीनं नव्हे, विषारी कार्बन मोनॉक्साइडनं. सायलेन्सर बर्फानं बुजला की हा वायू आत शिरतो आणि झोपेतच माणूस जातो. विजेच्या गाडीला सायलेन्सरच नाही. मात्र हे पंधरा तास मिळायचे तर फाटकापाशी पोहोचताना बॅटरी निम्मी भरलेली हवी. दहा टक्के शिल्लक असताना साल्तफ्येलेट चढायला निघणारा माणूस स्वतःच्या आणि मागच्या वीस गाड्यांच्या जिवाशी खेळत असतो.

सूर्याविना दोन महिने

ट्रोम्सो शहर ध्रुववृत्ताच्याही बरंच उत्तरेला. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथं सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड पसरतो, तेवढाच दिवस. आकाशात हिरवे पडदे हलवणारे ‘नॉर्दर्न लाइट्स’ बघायला आता मुंबई-पुण्याचे पर्यटकही इथं येतात. उष्ण सागरी प्रवाहाच्या कृपेनं किनाऱ्यावरची थंडी मात्र सौम्य. जानेवारीत सरासरी उणे तीन-चार अंश. शहराखालच्या खडकात बोगदे आणि पार्किंग कोरलेलं आहे, बोगद्याच्या पोटात चक्क वर्तुळाकार चौकही आहेत. बाहेर वादळ असलं तरी आत गाडी कोरडी. विजेच्या गाडीला आणखी काय हवं?

पण किनारा सोडून आत वळलं की चित्र पालटतं. फिनमार्क हा नॉर्वेचा ईशान्य कोपरा, आकारानं डेन्मार्कपेक्षा मोठा आणि वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचा हा मुलूख. कारासोक आणि काउतोकेनो इथं हिवाळ्यात उणे ३०-३५ अंश ही बातमी नसते. दोन गावांमध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर आणि मध्ये फक्त बुटकी बर्चची झाडं. ओस्लोचे लोक पटापट विजेकडे वळले, फिनमार्कचे मात्र बराच काळ हात राखून होते. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? ज्या रस्त्यावर दिवसाला थोड्याच गाड्या जातात, तिथं चार्जिंगचा खांब उभारून कंपनीला मिळणार काय? शेवटी ‘एनोव्हा’ या सरकारी संस्थेनं पैसा दिला, तेव्हा कुठे या भागात वेगवान चार्जिंग केंद्रं उभी राहिली. बाजार जिथं पोहोचत नाही, तिथं सरकारला जावं लागतं. एसटीनं दुर्गम गावी तोट्यातली फेरी चालवावी तसंच हे.

तिथल्या माणसांच्या दृष्टीनं प्रश्न हौसेचा नाहीच. रात्री अपरात्री आजाऱ्याला दूरच्या रुग्णालयात न्यायचं झालं तर गाडी सुरू झाली पाहिजे आणि पोहोचली पाहिजे. वाटेतला एकुलता एक खांब बंद असेल, तर ‘पर्यावरणपूरक’ या शब्दाला काडीची किंमत उरत नाही.

युरोपचं शेवटचं टोक

आल्तापासून निघालेला रस्ता सेन्नालांडेटचं पठार ओलांडतो, ओल्डरफ्योर्डला ई-६ सोडून ई-६९ धरतो आणि समुद्राच्या कडेकडेनं मागेरोया बेटाकडे जातो. बेटावर पोहोचायला १९९९ मध्ये खुला झालेला ६.९ किलोमीटरचा समुद्राखालचा बोगदा आहे. तो पाण्याच्या पातळीखाली २१२ मीटर उतरतो आणि पुन्हा चढतो. विजेच्या गाडीची इथं गंमतच. उतरताना बॅटरी थोडी भरते, चढताना त्याहून जास्त रिकामी होते!

शेवटचे १३ किलोमीटर हिवाळ्यात फक्त ताफ्यानंच जाता येतं, तेही ठरलेल्या वेळी. आणि मग तो ३०७ मीटर उंचीचा सरळसोट कडा. नॉर्थ केप! १६६४ मध्ये फ्रान्चेस्को नेग्री नावाचा इटालियन धर्मगुरू केवळ कुतूहलापोटी इथवर आला होता. १८७३ मध्ये राजा ऑस्कर दुसरा आला, १९०७ मध्ये सयामचा राजा चुलालाँगकॉर्न. आज कड्यावरच्या लोखंडी पृथ्वीगोलापाशी उभं राहिलं की पुढे फक्त काळा समुद्र, आणि त्यापलीकडे ध्रुवाचा बर्फ. इथल्या वाहनतळावर विजेच्या गाड्या उभ्या दिसतात. काही वर्षांपूर्वी हा प्रवास साहस मानला जायचा. आता तो नुसता नियोजनाचा भाग झालाय.

लडाख ते विदर्भ

नॉर्वेचा हा धडा आपल्याही कामाचा आहे. २०१७ मध्येच हिमाचल प्रदेशात मनाली-रोहतांग मार्गावर विजेची बस धावली. जवळजवळ चार हजार मीटरच्या त्या खिंडीवर विरळ हवेत डिझेलचं इंजिन धापा टाकतं. विजेच्या मोटरला श्वासच लागत नाही, त्यामुळे चढाला ती सरस. लेहमध्ये एनटीपीसीनं हायड्रोजनवर चालणाऱ्या बसेसचा प्रकल्प उभारला, तोही याच शोधाचा भाग. पण मनाली ते लेह या रस्त्यावर तंबूतला ढाबा मिळेल, भरवशाचा वेगवान चार्जिंगचा खांब मिळेलच असं नाही.

आणि आपल्याकडे संकट थंडीचं कमी, उन्हाचं जास्त. ४५ अंशांत तापणाऱ्या चंद्रपूर-नागपूरला बॅटरी गारठत नाही, पण सततच्या उष्णतेनं ती लवकर म्हातारी होते. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या. सरकारी चौकशीत बॅटरीच्या बनावटीतल्या आणि रचनेतल्या त्रुटी समोर आल्या आणि त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले. म्हणजे दोष नुसता उन्हाचा नव्हता. ऊन कसं असतं हे ठाऊक असूनही तशी तयारी न करणाऱ्यांचा होता.

नॉर्वेत एक म्हण आहे. खराब हवामान असं काही नसतंच, असतात ते फक्त चुकीचे कपडे! विजेच्या गाडीलाही ती तंतोतंत लागू पडते. त्या देशानं थंडी बदलली नाही. घराघरात प्लग दिला, घाटाच्या दोन्ही अंगांना चार्जिंगचे खांब रोवले, गाड्यांचे खरे आकडे लोकांसमोर मांडले आणि जिथं बाजार गेला नाही तिथं सरकार गेलं. एवढं करूनही बसच्या फेऱ्या रद्द झाल्याच. पण त्या का रद्द झाल्या, हे सगळ्यांना कळलं. गाडी विकत घेताना आपल्याकडचा ग्राहक विचारतो, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ त्याला आणखी एक प्रश्न जोडायला हवा : ‘कुठल्या हवेत?’

थंडीच्या सहलीला विजेची गाडी नेताना...

• निघण्याआधी अर्धा तास, गाडी प्लगवर असतानाच केबिन आणि बॅटरी गरम करून घ्या. वीज भिंतीतली खर्च होते, बॅटरीतली वाचते.

• कंपनीनं सांगितलेल्या पल्ल्याच्या दोन-तृतीयांश अंतर गृहीत धरूनच बेत आखा. घाट असेल तर त्याहूनही कमी.

• वेगवान चार्जिंग केंद्रावर जाताना गाडीच्या नकाशात ते ठिकाण आधीच टाका. पुष्कळ नव्या गाड्या वाटेतच बॅटरी गरम करू लागतात.

• पूर्ण केबिन तापवण्यापेक्षा सीट आणि स्टिअरिंगचा हीटर वापरा. त्याला वीज फार कमी लागते.

• पुढचा खांब बंद असू शकतो, हे धरून चला. त्याच्या पुढच्या खांबापर्यंत पोहोचण्याइतकी वीज शिल्लक ठेवा.

• १२ व्होल्टची छोटी बॅटरी हिवाळ्याआधी तपासून घ्या.

• ब्लँकेट, पाणी, खाऊ, फावडं आणि टॉर्च गाडीत असू द्या. गाडी कुठलीही असो!